सतरा नंबरची बाटली

कोरेगाव
८ मार्च १९९८

चि. ऋचा,

पाकिटावरचं अक्षर पाहून पत्र कोणाचं ते तुला कळलंच असेल. तरीही फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. फोडलं नसशील तर मी माझ्याशीच बोलतोय असं धरून चालतो. त्याची मला आता चांगली सवय आहे.

तुझा परदेशातला पत्ता मयूरीने दिला. एम.एस्सी.ला तुझ्या शेजारच्या बाकावर बसायची ती मयूरी, आता सांगलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जानेवारीत ती आमचं दुधाचं चिलिंग सेंटर दाखवायला विद्यार्थिनींना घेऊन आली होती. चहा सांगायचा सोडून मी त्या पोरींना लॅक्टोमीटर कसा धरू नये यावर अर्धा तास सुनावलं. निघताना मयूरी म्हणाली, "काका, ऋचाचा नवा पेपर वाचलात ना?" मी म्हटलं, वाचला. वाचला कुठला, तो निघालाय हेच मला माहीत नव्हतं. शेवटी तिलाच पत्र घालून झेरॉक्स मागवावी लागली. तिने ती काही न विचारता पाठवली, पोरगी समजूतदार आहे.

नऊ पानांना मला तीन आठवडे लागले. मला जे कळलं ते लिहितो, चुकलं असेल तर लाल शाई वापर.

दुधाच्या पाइपात जो जंतू आम्हाला वर्षानुवर्षं छळतोय, तो एरवी सुटा असतो, आपापला पोहत असतो. मग कधीतरी पोहणं सोडून ते सगळे एकमेकांना चिकटतात, साखळ्या करतात, भोवती चिकट लगदा तयार करतात आणि पाइपाच्या आतून बुळबुळीत थर धरतात. कॉस्टिक ओता नाहीतर उकळतं पाणी सोडा, थर ढिम्म हलत नाही. असं एकत्र राहण्याची आज्ञा त्यांच्या जनुकांत लिहिलेलीच असते. पण एक प्रथिन त्या आज्ञेवर बसून राहतं आणि ती वाचू देत नाही. मयूरी त्याला दमनकारी प्रथिन म्हणते, मी आपला पहारेकरी म्हणतो. तू त्या पहारेकऱ्याचे स्फटिक केलेस, त्यांतून क्ष-किरण सोडून त्याचा आकार काढलास. तो एकटा नसतो, चौघे असतात, हातात हात घालून बसलेले. दुसरं एक लहानसं प्रथिन येतं, त्यांच्यातल्या एकाचा हात सोडवून स्वतःच्या हातात घेतं, की चौकडी मोडते आणि पहारा उठतो. बरोबर ना?

मग आठव्या पानावर, खाली, बारीक अक्षरात तू लिहिलंयस की १९८८ साली सातारा जिल्ह्यातल्या एका दूध केंद्राच्या पाइपातून या जंतूचा सतरा नंबरचा एक वाण मिळाला होता, तो त्याचा पहारेकरी जन्मतःच लुळा असल्यासारखा वागायचा. त्याचं जनुक वाचता आलं असतं तर चौघांचे हात नेमके कुठे जुळतात याचा पुरावा मिळाला असता, आत्ता ते फक्त अनुमान आहे. आणि त्यापुढे दोन शब्द. वाण हरवला.

हरवला असं लिहिलंस. तुला दुसरा शब्दही लिहिता आला असता.

आता त्या गोष्टीबद्दल एकदा लिहून टाकतो. त्या सालच्या खंडेनवमीला सेंटरवरच्या आपल्या लॅबमध्ये नेहमीप्रमाणे पूजेसाठी सगळी काच धुऊन, उकळून मांडायची होती. मी मीटिंगला साताऱ्याला गेलो होतो. शिपाई नाथाजी माण तालुक्यातला, शिक्षण चौथी, त्याने सरसकट सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, त्या वाफेच्या मोठ्या कुकरात घातलं, त्यात तू पाइपातून जमवलेल्या वाणांच्या चोवीस बाटल्या गेल्या, सतरा नंबरसकट. मी आल्यावर त्याला मेमो दिला, त्याच्या फाइलीत तो आजही आहे. तू तेव्हा मला एकच विचारलंस, "बाबा, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्यात का?" मी म्हटलं की दमट खोलीत शाई पसरून गेली होती, कोणालाच काही वाचता आलं नसतं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि आठव्या दिवशी रिकामा खोका घेऊन बंगलोरला गेलीस.

तर मी असं ठरवलंय. पाइप तोच आहे. दिवाळीनंतर तो काढून स्टीलची नवी लाइन टाकणार आहेत आणि मी सप्टेंबरअखेर निवृत्त होतोय. तोपर्यंत दर रविवारी जॉइंट उघडून तुझा सतरा नंबर पुन्हा शोधून काढतो. जिथे एकदा सापडला तिथे पुन्हा सापडेल.

तुझे
बाबा

कोरेगाव
१७ मे १९९८

चि. ऋचा,

दहा रविवार झाले. तुझं उत्तर नाही आणि सतरा नंबरही नाही, दोघांचं आधीच काही ठरलेलं दिसतं.

काम कसं चालतं ते सांगतो. सकाळचं दूध उतरून टँकर गेला की नाथाजी आणि मी तिसऱ्या वळणाजवळचा जॉइंट खोलतो. वॉशरच्या खाली नखाएवढा थर असतो, तो मी उकळलेल्या चमच्याने खरवडतो. तो पातळ करून पसरायचा, जंतूंचा उगवलेला एकेक ठिपका उचलून बशीतल्या पोषक रसात टाकायचा, आणि दोन दिवस हात न लावता बसायचं. साधा जंतू असला तर वर पातळ, गुळगुळीत साय येते. तुझ्या सतराची साय मला चांगली आठवते. जाड, सुरकुतलेली, थंड दुधाच्या पातेल्यात काठाला गोळा होते तशी. तू ती काडीने उचलून दाखवली होतीस आणि तुझी आई म्हणाली होती, "हिला लग्नाचे दागिने दाखवले तेव्हा एवढी खूश झाली नव्हती."

आतापर्यंत दोनशे बारा ठिपके पाहिले, सगळ्यांची साय गुळगुळीत. नाथाजी पान्हा धरतो, जॉइंट आवळतो. कशासाठी हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शिपायाला स्फटिक काय सांगायचे, असा माझा विचार.

तुझी आई गेली त्याला येत्या श्रावणात तीन वर्षं होतील. तू दहा दिवस आली होतीस. दहा दिवसांत आपण गॅसचा सिलिंडर, मृत्यूचा दाखला आणि आईच्या साड्या एवढ्यावरच बोललो. लॅबकडे तू फिरकली नाहीस. त्यानंतर वर्षभर मी सकाळी दोन कप चहा टाकत होतो, आता तेवढं चुकत नाही. वाटीभर तांदूळ दोन वेळांना पुरतो. एका माणसाचं वरण नीट होत नाही हे मात्र मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली गेली, ती दुरुस्त करतो. त्या दिवशी मी साताऱ्याला नव्हतो. मीटिंग होती, पण आदल्या दिवशीच रद्द झाल्याचा निरोप आला होता. मी माझ्या खोलीत होतो. ऑटोक्लेव्हची वाफ सुटल्याचा आवाज मला आला, पण रोजचीच काच असेल असं वाटलं. एवढंच.

उन्हाळा कडक आहे. माणकडे पाण्याचे टँकर सुरू झालेत, नाथाजीची बायको तानुबाई मेंढरं घेऊन नीरेकडे गेलीय, म्हणून तोही सध्या सेंटरवरच राहतो. रविवारी आम्ही दोघेच असतो. तुझं तिकडे बरं चाललं असावं.

बाबा

कोरेगाव
२६ जुलै १९९८

चि. ऋचा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे पूल आणि नदी, मागे तीन ओळी. "बाबा, पत्रं मिळाली. तो वाण तसाच पुन्हा मिळणार नाही, असा बदल लाखात एकदा होतो. शोधू नका. ऋचा." मी ते पोस्टमनसमोरच वाचलं आणि त्याला पाऊस कसा काय म्हणून विचारलं, म्हणजे त्याला माझ्या तोंडाकडे बघायला वेळ मिळू नये.

शोधू नका म्हणतेस, पण मग रविवारी मी काय करू, हेही लिहायला हवं होतंस.

मागच्या आठवड्यात एस.टी.ने सांगलीला जाऊन आलो. मयूरीला म्हटलं, मला ती चौकडी नीट समजावून सांग. तिने प्रयोगशाळेतल्या चार मुली बोलावल्या, दोघी दोघींचे हात गुंफून उभ्या केल्या आणि त्यांना एका लांब दोरीवर पाय रोवायला सांगितलं. दोरी म्हणजे जनुक. मग ऋतुजा की कोण, एक लहानशी मुलगी आली आणि तिने एकीचा हात ओढून आपल्या हातात घेतला. राहिलेल्या तिघींचा तोल गेला, दोरीवरचे पाय सुटले. सगळ्या हसत सुटल्या. मयूरी म्हणाली, "काका, ऋचाची खरी करामत ही आहे, की एक हात सुटला की बाकीचे का सुटतात ते तिने दाखवलं. सतरा नंबर मिळता तर तो हात कुठला तेही दिसलं असतं." तिच्या आवाजात तुझ्याबद्दल जे कौतुक होतं, ते मी बाप असून कधी दाखवलं नाही. मी तेव्हा म्हणायचो की पोरीने दुधाच्या पाइपातली घाण जमवून ठेवलीय.

मयूरीला एक उत्साही सवय आहे, ती जंतूंवरून माणसांवर जाते. म्हणाली, आपल्या सगळ्यांतही असा एक पहारेकरी असतो, कोणाजवळ जाऊ देत नाही. मी म्हटलं, बाई, माणसाचा पहारा माणूस स्वतः करतो, प्रथिनावर कशाला ढकलता. परत येताना एस.टी.त मला वाईट वाटलं. ती बिचारी चांगल्या मनाने बोलत होती.

एकटं वाटतं, ऋचा. हे लिहायला मला सत्तावन्न वर्षं लागली आणि लिहून काही हलकं वगैरे वाटलं नाही. दुपारी रेडिओ लावतो, बाजारभाव संपले की बंद करतो. शेजारचे लोक चांगले आहेत, पण त्यांच्याशी बोलताना मी सतत चिलिंग सेंटरचा साहेब असतो. तुझ्याशी बोलताना कोण असायचो ते मला आता नीट आठवत नाही.

आणखी एक. खोलीत बसून वाफेचा आवाज ऐकला असं मी लिहिलं. तेही पुरतं खरं नाही. सगळं धुवायला काढा असं मीच सांगितलं होतं. "सगळं" म्हटलं, त्यात तुझ्या बाटल्याही आहेत हे तेव्हा डोक्यात आलं नाही. घाईत होतो, वरचे साहेब पूजेला येणार होते. तेव्हा दोष नाथाजीचा नाही, माझ्या घाईचा.

जॉइंट खोलणं मी थांबवणार नाही. दोन महिने राहिलेत.

बाबा

कोरेगाव
१ ऑक्टोबर १९९८, दसरा

चि. ऋचा,

काल मी निवृत्त झालो. योग असा की कालच खंडेनवमी होती, त्यामुळे माझा निरोप आणि हत्यारांची पूजा एकाच झेंडूच्या पोत्यात उरकली. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणात कोणीतरी मला शिस्तीचा पुतळा म्हटलं. त्या वेळी नाथाजी मागे उभा राहून नारळाच्या शेंड्या काढत होता.

लोक गेल्यावर मी लॅबमध्ये एकटाच बसलो होतो. टेबलावर लॅक्टोमीटर, पिपेट, फॅटच्या नळ्या, तराजू, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. नाथाजी आला, खुर्चीवर चढला आणि तराजूच्या वरची जोतिबाची तसबीर काढू लागला.

"ही घिवून जावा, सायेब. तुमच्या टायमाची हाय. नवं सायेब काय ठिवत्यात का न्हाई कुनास ठावं."

तसबिरीमागे भिंतीत जुन्या स्विचबोर्डाचा खळगा आहे. त्यात हात घालून त्याने एक बाटली काढली. बुचाच्या तुझ्या छोट्या बाटल्या होत्या ना, त्यांतली एक. वरून खालपर्यंत हळदीने पिवळी, कुंकवाचे थरावर थर चढलेले, दहा दसऱ्यांचे. बुचावर तुझं मेण जसंच्या तसं. आत तळाशी वाळलेल्या डिंकासारखा एक खडा.

मी विचारलं, "हे काय आहे, नाथाजी?"

"ताईसायबांची बाटली न्हवं का. त्या साली पूजंला मांडल्याली."

"ती धुण्यातनं राहिली कशी?"

"आवं सायेब, पूजंला मांडल्याली वस्तू कोन कुकरात घालतंय व्हय? लॅक्टोमीटरातला येक ठिवला, पिपेटीतली येक ठिवली, तशी ताईसायबांची म्हून ही येक. त्यांचं हत्यार त्येच की. पूजा झाल्याव म्हनलं पायदळी नगं, द्येवाच्या मागं ठिवून दिली. दर साली हळदकुक्कू घालतुया."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमी कवा इचारलंसा? मेमोवर सही कर म्हनलासा, केली."

"आणि मार्चपासून आपण पाइप खरवडतोय तेव्हा तरी?"

तो खरोखर गोंधळला. "तुमी काय हुडकताय त्ये सांगितलं कवा? मला वाटलं, जायच्या आदी सायेब पाइप साफ करून देत्यात. लय बरं वाटलं मला."

सात महिने, ऋचा. दर रविवारी आम्ही दोघे त्या तसबिरीखाली बशा मांडत होतो. मी एकदा तोंड उघडून त्याला सांगितलं असतं, तर ही बाटली मार्चमध्येच तुझ्याकडे निघाली असती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नोकरीत पहिल्यांदाच ठेवला असेन, तो दचकला.

नंतर तो आणखी एक वाक्य बोलला. ते आज लिहीत नाही.

आत कोणी जिवंत आहे की नाही ते माहीत नाही. पण हे जंतू उपासमार झाली की स्वतःभोवती कवच करून बी होऊन बसतात आणि वर्षानुवर्षं तग धरतात, हे मला दूधवाल्याला कोणी वेगळं शिकवायला नको. त्यांच्या त्या बियांपायीच आम्ही दूध उकळूनही शिव्या खातो. उद्या सकाळच्या गाडीने बाटली घेऊन सांगलीला मयूरीकडे जातो. दसऱ्याचं सोनं म्हणून आपट्याची दोन पानं सोबत ठेवली आहेत.

बाबा

सांगली
११ ऑक्टोबर १९९८

चि. ऋचा,

उगवला.

हे वाक्य एकटंच राहू दे. खाली सविस्तर लिहितो.

मयूरीने मेण फोडून तो खडा रसात भिजवला, गरम पाण्यात दहा मिनिटं धरून कवचवाल्या बियाच तेवढ्या शिल्लक राहतील अशी व्यवस्था केली, आणि पसरला. पहिले दोन दिवस काही नाही. मी एस.टी. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलोय, सकाळी कृष्णेच्या घाटावर चक्कर मारून दहा वाजता कॉलेजच्या पायऱ्यांवर हजर. तिसऱ्या दिवशी सात ठिपके आले, खडबडीत. चौथ्या दिवशी बशीत टाकले. काल सकाळी मयूरीने झाकण उचललं आणि बशी माझ्यापुढे सरकवली. जाड, सुरकुतलेली साय, काठावर चढलेली. मी ती काडीने उचलली. तुटली नाही.

मयूरी तुला फोन करते म्हणाली. मी म्हटलं, थांब, आधी माझं पत्र जाऊ दे. का ते तिला सांगितलं नाही.

पाठवण्याची सोय अशी. निर्जंतुक टिपकागदावर त्याच्या बिया वाळवल्या आहेत, प्लॅस्टिकमध्ये बंद करून वेगळ्या पुड्यात घातल्या आहेत. लागणारे कागदपत्र मयूरीने कॉलेजतर्फे केले आहेत. बाटली मी इथेच ठेवून घेतो, काच वाटेत फुटायची. बाटलीवरची चिठ्ठी इतक्या वर्षांत गळून गेली आहे, पण वाण तोच याची खात्री बाळग.

आता तुला जनुक वाचता येईल. हात नेमका कुठे जुळतो ते दिसेल. पुढच्या पेपरात "हरवला" हा शब्द काढून टाक.

१२ ऑक्टोबर, सकाळ

पत्र काल पेटीत टाकणार होतो. पाकीट बंद केलं, घाटापर्यंत गेलो आणि परत आलो. वरचं खोडत नाही. मी काय काय लिहू शकतो हे तुलाही दिसू दे.

चिठ्ठी गळून गेलेली नाही.

बाटली हातात आली त्या क्षणापासून मला हळदीच्या खाली तिची कड दिसत होती. लॉजच्या पोऱ्याकडून कोमट पाण्याचा तांब्या मागवला आणि काल दुपारी बाटली त्यात बुडवून ठेवली. मनात हेच होतं की चिठ्ठी सुटेल, लगदा होईल, ओतून देईन. मग मी तुझा सतरा नंबर परत आणणारा बाप, बाकी काही नाही. बाटली इथे, तू तिकडे, कोणाला कळणार होतं. पाणी पिवळं झालं, डिंक सुटला आणि चिठ्ठी तरंगत वर आली. अक्षरं जशीच्या तशी. एक रेघ पुसली नव्हती.

पुसणार कशी. ती पेन्सिलीने लिहिलेली होती. ओल्या खोलीत शाई टिकत नाही, लेबल नेहमी पेन्सिलीने लिही, हे मीच तुला लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तू चोवीसच्या चोवीस चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या होत्या. आणि मी तुझ्यासमोर उभा राहून म्हणालो, शाई पसरली होती.

म्हणजे तुला त्याच मिनिटाला कळलं होतं. दहा वर्षं मी समजत होतो की तू बाटल्यांसाठी रुसलीस. बाटल्यांचं तू सोसलंही असतंस. तू मला विचारलंस, आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो, आणि ते खोटंही असं की जे फक्त तुलाच कळावं.

नाथाजी जे वाक्य बोलला आणि मी लिहिलं नाही, ते असं. "म्या ही येक पूजंला काढली, आन् मग तुमी बाकीचं स्टँड सवताच उचलून कुकराकडं गेलासा. म्या म्हनलं बी, सायेब, ताईंचं हाय. तुमी म्हनलासा, ठावं हाय मला."

ठाऊक होतं. बंगलोरच्या सरांचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं, वाण घेऊन या, जागा देतो. तू ते आईला वाचून दाखवलंस आणि मी पेपर वाचत बसल्याचं दाखवलं. मला वाटलं, बाटल्याच नसल्या तर पोरगी वर्षभर तरी इथेच राहील, पुन्हा पाइप खरवडेल, संध्याकाळी माझ्याबरोबर चालत घरी येईल. एवढंच हवं होतं मला. ते मागायची लाज वाटली आणि हे करायची वाटली नाही. आणि ज्या माणसाने मला अडवलं, त्यालाच मी मेमो दिला.

कोरेगावला परतलो की ऑफिसात लेखी देणार आहे, नाथाजीच्या फाइलीतला तो मेमो खोटा आहे आणि ती चूक नव्हती, माझी करणी होती. त्याला ते आधी स्वतः सांगेन. मयूरीला आज सांगतो, मगच तिला फोन करू देईन.

तू ये असं लिहीत नाही. उत्तर दे असंही नाही. वाण मात्र नक्की वापर, तो तुझा आहे, आणि कोणाचे आभार मानायचे झाले तर नाथाजीचे मान. त्याचं पूर्ण नाव नाथाजी अर्जुना खरात.

चिठ्ठी वाळवून या पत्रातच घडी करून ठेवली आहे. हळदीचा डाग राहिला आहे, तो निघाला नाही. तुझंच अक्षर आहे, तरी वाच.

"१७. ऋचा. बाबा, ही धुऊ नका."

तू विचारलं होतंस. वाचली होती.

बाबा